पुनरारंभाचा मुहूर्त

भाद्रपद पौर्णिमा, रविवार, ७ सप्टेंबर

स्वस्ति. श्रीमत्सकल-गल्ली-मंडल-मंडन, दूधविनायक-परिसर-प्रथित, व्याकरणवन-विहारी-वनगज, विद्यार्थिवृंद-निद्रा-प्रदायक, इन्व्हर्टर-प्रतिपालक, मूषकधर, 'नंतर'-इति-कळ-दाबनैक-निष्ठ, गृहसंगणक-साम्राज्य-चक्रवर्ती, पंडितप्रवर बिंदुमाधव शिवराम पाळंदे, वय वर्षे त्रेपन्न, राहणार काशीक्षेत्र, हे आजच्या शुभदिनी (शुभ कसला, रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे) आपल्या राज्यावर आलेल्या परचक्राचा वृत्तांत लिहिण्यास आरंभ करीत आहेत. वरील बिरुदांपैकी पहिली दोन मी स्वतःच धारण केली आहेत. तिसऱ्यातील 'वनगज' एवढाच शब्द पत्नीला मान्य आहे. चौथे संस्कृत महाविद्यालयातील माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे जांभया देऊन सिद्ध केले. उर्वरित परिस्थितीने लादली.

परचक्राचे स्वरूप असे. दुपारी संगणकाच्या पटलावर एक चौकट प्रकट झाली. नवी अद्यतने येऊन बसली आहेत, ती पूर्ण होण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा, अशी तिची आज्ञा. खाली दोन कळा. एकीवर 'आत्ता', ती निळी, तेजस्वी, राजदरबारी. दुसरीवर 'नंतर', ती फिकट, उपोषणास बसल्यासारखी. मी तात्काळ दुर्बलाचा पक्ष घेतला. ग्रहणाचे वेध लागलेले असताना कोणता विवेकी पुरुष पुनरारंभ करील? तासाभराने चौकट पुन्हा आली. मी पुन्हा 'नंतर' म्हणालो. चहाच्या वेळी ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या चिकाटीबद्दल मला आदर वाटू लागला. आमच्या गल्लीतले नावाडीसुद्धा दोन वेळा नकार ऐकून तिसऱ्या वेळी सोडून देतात.

भविष्यकालीन वाचकाच्या सोयीसाठी भयाचे कारण नोंदवतो. आमचा यापूर्वीचा संगणक अशाच एका चौकटीस 'आत्ता' म्हणाला, मिटला, आणि पुन्हा उघडला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. मी मात्र त्याच दिवशी कारण ओळखले. जगभरातून लोक काशीत देह ठेवायला येतात ते पुनर्जन्म टळावा म्हणून. जो येथे मिटला तो परत येत नाही. हा नियम केवळ मनुष्यास लागू आहे असे कोणत्या आचार्याने म्हटले आहे? विद्यमान संगणकास मोक्ष मिळण्यास माझी तात्त्विक हरकत नाही. मात्र तो दसऱ्याच्या आधी मिळू नये.

दसऱ्याचे प्रयोजन: देवयानीचा मोडीचा वर्ग. माझी पत्नी देवयानी गेली वीस वर्षे मोडी लिपी वाचते, लिहिते, आणि गल्लीतल्या मराठी घरांतली जुनी बाडे पोळ्या लाटता लाटता उलगडून देते. आता पुण्याच्या एका छोट्या मंडळाने तिला संगणकावरून शिकवायला बोलावले आहे. विजयादशमीला दुपारी विजयमुहूर्तावर पहिला तास. मंडळाचे चिटणीस त्या तासाला बसणार आणि मग वर्ग ठेवायचा की नाही ते ठरवणार. तिचा हात वरून दिसावा म्हणून कॅमेरा टेबलावर उलटा टांगला आहे. तो याच संगणकाला जोडलेला आहे.

वर्ग ठरला तर सायंकाळी माझे विनोद ऐकायला घरात कोणी उरणार नाही, अशी भीती मला मुळीच वाटत नाही. केवळ नोंद म्हणून लिहिले.

भाद्रपद वद्य तृतीया, १० सप्टेंबर

आज कन्येशी शास्त्रार्थ झाला. कस्तुरी हैदराबादला एका कंपनीत संगणकाचेच काम करते. देवयानीने माझी तक्रार आधीच पोहोचवली होती, त्यामुळे दूरध्वनी घेतानाच तिचा स्वर न्यायाधीशाचा होता.

तिचे म्हणणे असे की हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि न केल्यास यंत्र आपल्या सोयीने केव्हातरी स्वतःच करील. मी म्हणालो, पितृपक्ष चालू आहे, या पंधरवड्यात कोणतेही नवे कार्य करीत नाहीत. ती म्हणाली, हे नवे कुठे आहे, जुनेच पुन्हा सुरू करायचे आहे. मी म्हणालो, पितृपक्षात जुने पुन्हा सुरू होण्याची कल्पना तर अधिकच भयावह आहे. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत असावी, किंवा भ्रमणध्वनी आईकडे द्या असे सांगण्याची तयारी करीत असावी.

"बरं, निदान एवढं लक्षात ठेवा," ती शेवटी म्हणाली. "चौकट आली की एंटरला हात लावायचा नाही. 'आत्ता' आधीच निवडलेलं असतं, एंटर म्हणजे होकार. माऊस न्यायचा आणि 'नंतर' दाबायचं. समजलं ना, बाबा?"

एंटरला न शिवण्याचे व्रत मी त्याच क्षणी घेतले. ते आजन्म पाळीन.

संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरने धीर दिला, मी इन्व्हर्टरला दिला.

भाद्रपद वद्य नवमी, १५ सप्टेंबर

धर्मसंकटात ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा, म्हणून सकाळी अमृतराव घाटावर बाळूदादांकडे गेलो. बाळूदादा माझे चुलतबंधू, व्यवसायाने पौरोहित्य, आणि पितृपक्षात त्यांना श्वास घेण्याचीही फुरसत नसते. अविधवा नवमीचे एक श्राद्ध आटोपून ते पायरीवर पाय पुसत होते. मी समस्या सविस्तर मांडली: ग्रहण, पितृपक्ष, काशीत मिटलेल्याचे न परतणे, आणि पुनरारंभास उचित असा योग.

त्यांनी सर्व ऐकले. मग उपरण्याच्या गाठीतून आपला मोबाईल काढून दाखवला.

"अरे बिंदू, हा रोज अटकतो. तिकडे यजमान गाईला घास घालतात, तोवर मी ह्याला बंद करून चालू करतो. आजपर्यंत एकदाही मोक्षाला नाही गेला."

"पण दादा, मुहूर्त?"

"मुहूर्त माणसाला लागतो रे. डब्ब्याला बटन लागतं."

धर्मशास्त्राचा हा ऱ्हास पाहून मी व्यथित झालो आणि तसे म्हणालो. दादांनी पुढच्या यजमानांना हाताने थांबण्याची खूण केली, माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले, आणि म्हणाले, "बरं, ऐक. घटस्थापनेला करून टाक. त्या दिवशी सगळं चांगलं आहे. आता जा भैया, लोक भुके बसले आहेत."

मुहूर्त मिळाला. विजयी मुद्रेने घरी आलो. देवयानीला सांगितले. ती म्हणाली की हेच ती आठवडाभर फुकट सांगत होती. मी दादांनाही काही दिले नव्हते, हे तिच्या निदर्शनास आणून दिले.

आश्विन शुद्ध प्रतिपदा, सोमवार, २२ सप्टेंबर

आज घटस्थापना. स्नान करून, धूतवस्त्र नेसून मी संगणकासमोर बसलो. निळ्या कळीकडे माऊस नेला. तोच दृष्टी डावीकडे गेली आणि मी गोठलो.

आमचे देवघर आणि संगणकाचे टेबल एकाच खोलीत आहेत, मध्ये केवळ एक तिवई. देवयानीने पहाटेच घट बसवला होता, मातीत सप्तधान्य पेरले होते, आणि अखंड नंदादीप लावला होता. आपल्या घराण्याची चाल सर्वश्रुत आहे: नवरात्रात देव बसले की त्यांना हलवत नाहीत, आणि लावलेला दिवा ते उठेपर्यंत विझू देत नाहीत. दिवा लागला तेव्हा संगणकही लागलेलाच होता. त्याच खोलीत, त्याच क्षणी, देवीच्या दृष्टीसमोर. आता तो विझवणे म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मी तो करून 'नंतर' दाबले.

देवयानी तेल घालायला आली तेव्हा तिला हा सिद्धांत समजावला. ती वात सारखी करीत राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे फ्रीजसुद्धा बसला आहे का?" फ्रीज स्वयंपाकघरात असल्याने तो या व्याप्तीत येत नाही, असे मी उत्तर दिले. उत्तर तर्कशुद्ध होते. तरी ती हसत गेली, आणि ते हसू मला उद्देशून होते की देवीला, हे समजले नाही.

आश्विन शुद्ध पंचमी, २७ सप्टेंबर

आज वर्गाची तालीम. पलीकडे विद्यार्थिनी म्हणून कस्तुरी एकटी. देवयानीने कागद ठेवला, बोरू शाईत बुडवला, आणि प्रथम डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढली. मोडीत रेघ आधी, अक्षरे मागाहून तिला लटकवायची, आणि लिहिताना हात शक्यतो उचलायचा नाही. हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. पण पटलावर केवळ तिचा हात मोठा होऊन दिसत होता, पाटल्या मागे सारलेल्या, आणि बोरू पाण्यावरून नाव जावी तसा जात होता. मला एक उपमा सुचली. ती सांगण्यासाठी मी तोंड उघडले.

"बाबा, आवाज येतोय तुमचा," पलीकडून कस्तुरी.

तेवढ्यात चौकट आली. ती थेट अक्षरांवर येऊन बसली, जणू पोथीवर माकड. तिची भाषाही आता बदलली आहे. पूर्वी ती विनवीत असे. आता 'शक्य तितक्या लवकर' असे म्हणते, मी दोन विद्यार्थ्यांना ज्या स्वरात प्रबंध मागतो त्या स्वरात. मी माऊसने तिला दूर सारले. देवयानीने बोरू खाली ठेवला.

"अहो, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं आहे का?"

मागितले होते. स्वयंपाकघरातला नळ, छतावरची जाळी, आणि बालाजी घाटावर एक संध्याकाळ गप्प बसणे. पण प्रसंग ओळखून मी नाही म्हणालो.

"मग एवढं द्या. त्या दिवशी एक तास हे चालू राहिलं पाहिजे. मंडळाचे लोक पाहणार आहेत. पुन्हा कोण बोलावणार आहे मला? तुम्ही आज रीस्टार्ट करा, नाहीतर नका करू, मला तो मुहूर्त-बिहूर्त काही समजत नाही. तो तास तेवढा माझा द्या."

मी तिला वचन दिले. वर्गाच्या वेळी मी स्वतः माऊस हाती घेऊन तिच्या उजव्या बाजूस बसेन, आणि चौकट जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तिला 'नंतर'च्या मार्गाने परत धाडीन. कस्तुरी पलीकडून म्हणाली की एवढ्या वेळात चार रीस्टार्ट झाले असते. नव्या पिढीला पहारा या संकल्पनेतले काव्य कळत नाही.

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी, १ ऑक्टोबर

आज शस्त्रास्त्रे आणि उपकरणे यांची पूजा. पूर्वजांच्या तलवारी काय झाल्या हे ज्ञात नाही (बाळूदादा म्हणतात, नव्हत्याच). पण उपकरणे आहेत. विळी, अडकित्ता, देवयानीचे बोरू, माझी लाल शाईची लेखणी, आणि सिंहासनारूढ संगणक. आज त्यांना विश्रांती असते, कोणाला राबवायचे नसते. त्यामुळे पुनरारंभाचा प्रश्न आज आपोआपच निकालात निघाला. शास्त्र कधी कधी फार सहृदय असते.

पटल झाकून ठेवले. उद्याचा तास निर्विघ्न पार पडावा म्हणून संगणकाची पूजा मी विशेष निष्ठेने केली. पटलाच्या चौकटीवर कुंकवाचे स्वस्तिक, डब्याला झेंडूची माळ, माऊसला गंध, पुढे पेढ्याचा नैवेद्य. अक्षता कुंकवात भिजवून घेतल्या. देवयानी दारातून म्हणाली, "अहो, कीबोर्डवर एक फूल ठेवा, पुरे आहे." परंतु कार्पण्य माझ्या स्वभावात नाही, आणि मंत्रपुष्पांजलीला एक फूल शोभत नाही. मी ओंजळभर अक्षता घेतल्या, आणि शब्दागणिक कळफलकावर सोडल्या. त्या लाल दाण्यांचा सडा इतका मनोहर दिसत होता की कस्तुरीला छायाचित्र पाठवले. तिने उत्तरादाखल केवळ कपाळाला हात लावलेल्या मुलीचे चित्र पाठवले. मुलगी श्रद्धाळू होत चालली आहे.

सायंकाळी निर्माल्य काढले, हलक्या वस्त्राने कळफलक पुसला. एखाददुसरी कळ किंचित खोल गेल्यासारखी वाटली. वयोमानाप्रमाणे होत असावे. मलाही हल्ली खुर्चीतून उठायला वेळ लागतो.

विजयादशमी, गुरुवार, २ ऑक्टोबर

खांदे वर उचलत नाहीत, तरी लिहितो. त्याचे कारण वय नव्हे. ते पुढे येईल.

दुपारी वर्ग भरला. पटलावर पंधरा-सोळा चौकोन, प्रत्येकात एक उत्सुक मुख, एकात चष्मा नाकावर घेतलेले चिटणीस. देवयानी हिरवे नऊवार नेसली होती. मी तिच्या उजवीकडे, माऊसवर पंजा, एंटरपासून सन्मान्य अंतर राखून. आज तिचा स्वर मी कधी न ऐकलेला होता, सहज आणि भरलेला. तिने सांगितले की आज पाटीवर सरस्वती काढतात, आपण रेघ काढूया. बोरू टेकला. रेघ निघाली. मी श्वास रोखला.

आणि चौकट आली.

मी सज्ज होतो. माऊस उचलला, त्याचा बाण 'नंतर'च्या दिशेने संथ, राजस गतीने निघाला. तो अर्ध्या वाटेवर असताना निळी कळ आपण होऊन दबली. मी विश्वनाथाला स्मरून लिहितो, माझा हात एंटरजवळही नव्हता. क्षणार्धात पंधरा मुखे, चिटणीसांचा चष्मा आणि देवयानीचा मोठा झालेला हात, सर्व अंधारात बुडाले. काळ्या पटलावर पांढरे ठिपके वर्तुळात फिरू लागले, जणू कोणी अदृश्य जन प्रदक्षिणा घालीत आहेत. शनीची दृष्टी असली पाहिजे. दुसरे कारण संभवत नाही.

मी देवयानीकडे पाहिले. तिने पटल अंधारलेले पाहिले होते. तिचा हात थांबला नव्हता. रेघ कागदाच्या कडेपर्यंत पूर्ण झाली, आणि बोरू न उचलता ती म्हणाली, "मोबाईल."

तिचा मोबाईल तिवईवर होता. मी कसाबसा कस्तुरीला लावला, आणि तिने काय केले ईश्वर जाणे, पण मिनिटभरात तीच मुखे त्या चिमुकल्या काचेत गोळा झाली. कॅमेरा आता माझ्या हातात होता. कागद वरून दिसला पाहिजे. मी खुर्चीवर चढलो, दोन्ही हात पुढे केले, आणि मोबाईल तिच्या हातावर छत्रासारखा धरला.

"असंच," ती म्हणाली. "आता हलू नका. आणि बोलू नका."

ती पुढे शिकवू लागली. रेघेला एकेक अक्षर लटकू लागले. मी वरून पाहत होतो. खांदे जळू लागले, मनगटात मुंग्या आल्या, खिडकीत एक वानर येऊन माझ्याकडे सहानुभूतीने पाहून गेले. उत्तमोत्तम तीन विनोद ओठांवर आले आणि तेथेच विरले. एका विद्यार्थिनीने विचारले की कॅमेरा मधूनच श्वास घेतल्यासारखा का हलतो आहे.

"स्टँड आहे," देवयानी म्हणाली. मान वर न करता. "घरचाच आहे. जुना आहे, पण धरून ठेवतो. आज बोलत नाहीये, एवढंच नवीन."

पंधरा जण हसले. चिटणीसही हसले, मला चष्मा हललेला दिसला. मी आयुष्यात अनेक सभा हसवल्या आहेत, पण तोंड न उघडता ही पहिलीच.

तास संपला तेव्हा सर्वांनी आपापल्या वहीतली रेघ कॅमेऱ्यापुढे धरली. वाकड्या, थरथरत्या, एक तर अर्ध्यावर चढावर गेलेली. देवयानीने प्रत्येकीला काहीतरी चांगले म्हटले. मी खुर्चीवरून उतरलो तेव्हा संगणक केव्हाच जागा होऊन बसला होता. पटल प्रसन्न, सर्व जागच्या जागी. काशीत मिटूनही तो परत आला. सिद्धांताचा पुनर्विचार करावा लागेल. दसऱ्याचे सोने द्यायला बाळूदादा आले, त्यांना हे सांगितले. ते म्हणाले, "डब्ब्याचं पुण्य कमी पडलं असेल," आणि दोन जिलब्या घेऊन गेले.

आश्विन शुद्ध एकादशी, ३ ऑक्टोबर

सकाळी चिटणीसांचा निरोप आला. वर्ग दर गुरुवारी ठेवायचा, आणि आणखी काही नावे आली आहेत. देवयानीने निरोप दोनदा वाचला, मग मला मोठ्याने वाचायला लावला, मग स्वयंपाकघरात जाऊन नेहमीच्या दुप्पट कणीक भिजवली. कस्तुरीने फोनवर विचारले, आईसाठी चांगला स्टँड मागवू का. देवयानी म्हणाली, नको, आहे तो बरा आहे. यावर मी कोणतेही भाष्य करीत नाही. खांद्याला तेल लावले आहे.

आता मूळ तक्रारीकडे वळतो. अभिनंदनपर एक संस्कृत श्लोक टंकित करावा म्हणून संगणकासमोर बसलो, तर पहिल्या चरणानंतर ओळी आपोआप खाली पळू लागल्या. पहिला चरण पहिल्या पानावर, दुसरा चौथ्यावर. पाहतो तो एंटर खंडेनवमीपासून दबलेलाच आहे, वर येतच नाही. कळफलक उलटा करून झटकला. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा पडला. दुसरा आत आहे, हलवला की खुळखुळतो. कस्तुरीला कळवले तर ती भलतेच विचारू लागली: काल ती चौकट आली तेव्हाही हा दाणा आत होता का. या प्रश्नाचा मूळ विषयाशी काय संबंध, ते मला कळले नाही. मी शनीबद्दल सांगायला लागलो तर तिने फोन आईला द्यायला सांगितला, आणि दोघी पंधरा मिनिटे हसत होत्या.

मला केवळ तो दाणा काढायचा आहे. देवयानी म्हणते, पूजा तुम्ही केलीत, विसर्जनही तुम्हीच करा. ठीक आहे, करतो. पण त्यासाठी बारीक चिमटा लागतो, तो देवघराच्या खणात असायला हवा, तेथे नाही, आणि तो कोठे ठेवला आहे हे घरात कोणी सांगायला तयार नाही.